तिरकी रेघ

नमिता म्हात्रेंच्या वर्गात लोटस, म्हणजे कॉम्प्युटरवर तक्ते मांडायचा प्रोग्रॅम, शिकायला आलेल्या प्रत्येकाला पहिला धडा एकच मिळायचा. "आधी तिरकी रेघ." कीबोर्डच्या खालच्या रांगेत उजवीकडे ती रेघेची कळ असायची. ती दाबली की काळ्या पडद्याच्या माथ्यावर कमांडची ओळ उगवायची, आणि मग एकेक अक्षर दाबत हवं तिथं पोचायचं. रेघ, सी म्हणजे नक्कल. रेघ, एम म्हणजे उचलून दुसरीकडे ठेवणं. लांबलचक तक्ता खाली सरकवताना वरचे मथळे आणि डावीकडची नावं पडद्याबाहेर पळू नयेत म्हणून त्यांना जागच्या जागी बांधायचं, तर रेघ, वर्कशीटचा डब्ल्यू, टायटल्सचा टी, बोथचा बी. त्याला नमिताबाई 'टायटल्स बांधणं' म्हणायच्या.

वर्ग मुळात टंकलेखनाचा होता, त्यांच्या सासऱ्यांनी पेणच्या बाजारपेठेमागच्या खोलीत सुरू केलेला. पुढे टाइपरायटर धूळ खायला लागले, तेव्हा नमिताबाईंनी पनवेलला जाऊन कोर्स केला, दोन कॉम्प्युटर आणले आणि पाटीवर 'संगणक' हा शब्द रंगवून घेतला. शिकवायची पद्धत मात्र टंकलेखनाचीच राहिली. पडद्याकडे बघ, बोटांकडे बघू नको, आणि तोंडानं म्हण. त्यामुळे संध्याकाळी रस्त्यानं जाणाऱ्याला आतून पाढे म्हटल्यासारखा आवाज यायचा.

या वर्गात उमामा रोह्याहून यायची. बाप हसन सौदीला, घरी आई अजीजा. बारावीनंतर मुलीनं घरी बसू नये एवढं त्या दोघांनी पत्रापत्रीतून ठरवलेलं, बाकी काही नाही. उमामा गाडीनं पेणला उतरायची, स्टेशनवरून चालत यायची आणि आल्याआल्या पंख्याखालची खुर्ची पकडायची. तिची बोटं इतकी भरभर चालायची की पडद्यावर कमांडची ओळ उमटायच्या आत काम उरकलेलं असायचं. नमिताबाईंना मूल नव्हतं. त्या तसं कधी बोलल्या नाहीत, पण रोह्याची गाडी चुकली की ही मुलगी त्यांच्याकडे जेवायची आणि जेवताना तिच्या ताटात मासळीचा मधला तुकडा पडायचा, हे त्यांचे यजमान प्रविण यांच्या लक्षात आलं होतं.

शहाण्णव साली श्रावणाच्या तोंडावर उमामाला रोह्याजवळच्या धाटावला एका केमिकल कंपनीत टाइम ऑफिसला नोकरी लागली. कामगारांच्या शिफ्ट लावायच्या, हजेऱ्या ठेवायच्या. पेढे घेऊन ती आली तेव्हा नमिताबाईंनी अर्धा डबा वर्गात वाटला आणि उरलेला हातात धरून शेजारीपाजारी फिरून आल्या.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत वर्गातला फोन वाजला. उमामाचा आवाज बारीक झाला होता. कंपनीत लोटस नव्हतंच. तिथं एक्सेल नावाचं काहीतरी होतं. पडदा पांढरा, वर बारीक बारीक चित्रं, आणि हातात धरून सरकवायचा माऊस. दोनशेच्या वर कामगारांची नावं होती. ती खाली सरकली की वरच्या तारखा दिसेनाशा व्हायच्या आणि कुणाची कुठली शिफ्ट कुठल्या दिवसाची तेच कळायचं नाही.

"मॅडम, टायटल्स कुठं असतात ह्याच्यात?"

नमिताबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाल्या, "असतील तिथंच कुठंतरी. तू आत्ता जेव. मी उद्या सांगते."

फोन ठेवला आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. एक्सेल त्यांनी पाहिलेलंसुद्धा नव्हतं. त्यांचे दोन्ही कॉम्प्युटर जुने, त्यांच्यावर विंडोज चालणंच शक्य नव्हतं. दुपारची बॅच दुसऱ्या मुलीवर सोपवून त्या पनवेलला कॉम्प्युटरच्या दुकानात गेल्या. दुकानदार ओळखीचा होता. त्यानं चहा मागवला आणि हसत हसत सांगितलं की लोटस आता संपलं, मॅडम, तुम्ही पण नवीन मशीन घेऊन टाका. टायटल्स कुठं असतात ते त्यालाही माहीत नव्हतं. तो मशीन विकायचा, वापरायचा नाही.

परतीच्या एसटीत त्यांना वाटत राहिलं की इतकी वर्षं आपण मुलांना एका अशा घराची वाट पाठ करून घेतली, जे घर आता पाडून टाकलंय.

घरी आल्या तेव्हा प्रविण हमरापूरहून आलेले होते. ते तिथल्या एका कारखान्यात गणपतीचे डोळे आखायचे. सीझन जवळ आला होता आणि त्यांच्या बोटांना रंग लागलेला असायचा, जेवतानासुद्धा. बायको ताटात भात नुसताच कालवतेय हे त्यांनी पाहिलं. काय झालं ते विचारून घेतलं. सगळं ऐकल्यावर म्हणाले, "मग तिला सांग ना, मला येत नाय म्हणून."

"अहो, मी तिची मास्तरीण आहे."

"म्हणून तर सांग. तिला वाटत असेल तिलाच येत नाय. पोर तिकडं एकटी रडत बसली असेल, अगो." आणि मग भाकरीचा तुकडा मोडत ते म्हणाले, "मशीन तिच्याकडं हाय. जा की रोह्याला. दोघी मिळून बघा."

दुसऱ्या दिवशी उमामाचा फोन आला तेव्हा नमिताबाईंनी सरळ सांगून टाकलं. मला एक्सेल येत नाही, उमामा. मी पाहिलेलंच नाही. पलीकडे उमामा हसली. इतकं मोकळं हसली की नमिताबाईंनाही हसू आलं. तिला वाटत होतं की सगळ्या जगाला हे येतं आणि आपण एकटीच ढ निघालो. ती म्हणाली, शनिवारी अर्धा दिवस असतो, ऑफिस दुपारी रिकामं असतं, मी साहेबांना विचारते.

साहेब म्हणजे मोरेश्वर घरत. टाइम ऑफिसचे प्रमुख, वडखळकडचे, पन्नाशीचे. उमामा कामावर रुजू झाली त्या दिवशीच त्यांनी तिला सांगितलं होतं की ह्या मशीनमधलं मला काय कळत नाय, तूच काय ते बघ. ते स्वतः चौकटीच्या कागदावर पेन्सिलीनं शिफ्ट लावायचे आणि उमामानं त्या मशीनवर चढवायच्या. त्यांनी परवानगी दिली, वर म्हणाले की तुझी मास्तरीण आहे तर गेटवर नाव सांगून ठेवतो.

शनिवारी नमिताबाई गाडीनं रोह्याला उतरल्या. पाऊस नुकता उघडला होता. स्टेशनबाहेर सहा आसनी रिक्षात दुसऱ्या शिफ्टचे कामगार दाटीवाटीनं बसलेले. त्यांनी सरकून जागा दिली. धाटावला शिरताना केमिकलचा उग्र वास आला, आणि रिक्षातला कुणीच नाक मुरडेना, म्हणून त्यांनीही पदर नाकाला लावला नाही. उमामा गेटवर उभी होती. तिनं मॅडमचा हात धरला तो टेबलापर्यंत सोडला नाही.

माऊस नमिताबाईंच्या हातात काही केल्या बसेना. त्या सरकवत एकीकडे आणि बाण जाई भलतीकडे. टेबल संपलं की त्यांना वाटे आता पुढे कसं जायचं. उमामानं माऊस उचलून परत मध्ये कसा ठेवायचा ते दाखवलं, आणि दाखवताना इतकी जपून बोलली की नमिताबाईंना आपल्या वर्गातल्या मुलांची आठवण झाली, ज्यांना आपण एवढं जपून कधीच सांगितलं नव्हतं.

दोघींनी शोधायला सुरुवात केली. नक्कल सापडली, एडिटमध्ये. नावं अक्षरांप्रमाणे लावायचं सापडलं, डेटामध्ये. रकान्याची रुंदी फॉरमॅटच्या पोटात निघाली. प्रत्येक वस्तू सापडली की उमामा म्हणे, "हे बघा, हे पण आहे." जुन्या घरातलं सामान नव्या घरात कुणी दुसऱ्यानंच लावून ठेवावं, तसं सगळं होतं, फक्त आपल्या हाताच्या सवयीच्या फळीवर नव्हतं. पण टायटल्स काही मिळेनात. टायटल्स हा शब्दच कुठे नव्हता. वर्कशीट म्हणून यादीच नव्हती, तर त्यातलं टी कुठून दाबणार?

उमामा चहा सांगायला गेली. नमिताबाई एकट्या पडद्यासमोर बसल्या. माऊस बाजूला ठेवला, हात सवयीनं कीबोर्डवर गेले आणि विचार करता करता त्यांच्या करंगळीनं आपसूक तिरकी रेघ दाबली.

पडद्यावर वरच्या ओळीतला पहिला शब्द गडद झाला.

त्या दचकल्या. काहीतरी बिघडवलं असं वाटून त्यांनी एस्केप दाबलं. शब्द पूर्ववत झाला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि परत रेघ दाबली. परत गडद. बाणाची कळ दाबली तर पुढचा शब्द, मग त्याच्या पुढचा. माऊसला हातही न लावता त्या एकेका शब्दावरून चालत शेवटच्या 'हेल्प'पर्यंत गेल्या आणि खालचा बाण दाबला. एक यादी उघडली. त्या यादीत, बऱ्याच खाली, लिहिलेलं होतं: लोटस वन-टू-थ्री.

परक्या गावच्या एसटी स्टँडवर, रात्रीची वेळ जवळ येत असताना, एखाद्या गाडीच्या पाटीवर आपल्या गावाचं नाव दिसावं, तसं त्यांना झालं. त्यांनी ते नाव पुन्हा वाचलं. उमामा चहाचे कप घेऊन आली तेव्हा त्या नुसत्या बोट दाखवून बसल्या होत्या.

उघडून पाहिलं तर आत लोटसच्या कमांड एकाखाली एक मांडलेल्या. तुम्हाला लोटसमधलं काय हवं ते दाबा, असं विचारणारी चौकट. आणि सांगून दाखवू की करून दाखवू, असाही प्रश्न. उमामानं 'करून दाखवा' निवडलं. नमिताबाईंनी डब्ल्यू दाबला. टी. बी. मग चौकट मिटली, आणि कुणी हात लावलेला नसताना पडद्यावर 'विंडो' ही यादी आपोआप उघडली आणि तिच्यातली एक ओळ गडद झाली. फ्रीझ पेन्स.

उमामानं पान खाली सरकवलं. नावांमागून नावं वर गेली, पण तारखांची ओळ जागची हलली नाही.

उमामानं 'फ्रीझ पेन्स' असं मोठ्यानं म्हणून बघितलं. मग गंभीरपणे म्हणाली, "मॅडम, ह्यांनी पेणला फ्रीझमध्ये ठेवलं होतं. म्हणून सापडत नव्हतं." आणि दोघी इतक्या हसल्या की नमिताबाईंचा चहा बशीत सांडला.

हसणं ओसरल्यावर नमिताबाई त्या चौकटीकडे बघत राहिल्या. हे लिहिणारा कुणीतरी असेल, लांबच्या देशातला. त्यानं नवं घर बांधताना मनात आणलं असेल की जुन्या घरातली माणसं इथे येतील तेव्हा ती गोंधळतील, त्यांची करंगळी जुन्याच कडीकडे जाईल, तर तिथं एक कडी लावून ठेवू. त्या उमामाला एवढंच म्हणाल्या, "आपला विचार केलाय गं ह्यांनी."

दाराशी चपला वाजल्या. घरत साहेब कधीचे येऊन उभे होते ते दोघींना कळलं नव्हतं. नमिताबाई उठायला लागल्या तर त्यांनी हातानं बसा म्हटलं. मग खुर्ची ओढून जरा अंतरावर बसले. थोडा वेळ खिडकीबाहेर बघितल्यासारखं केलं आणि म्हणाले,

"मॅडम, त्याच्यात रेंज ट्रान्सपोज हाय का बघा जरा."

उमामा वळून साहेबांकडे बघायला लागली. आडव्या ओळी उभ्या आणि उभ्या आडव्या करायची ती कमांड. ती नुसत्या नावानिशी माहीत असणारा माणूस लोटस शिकलेला असतो, हे तिला कळलं.

घरतांना ते जाणवलं. ते उमामाला उद्देशून म्हणाले, "खोटं नाय बोललो मी तुला. ह्या मशीनमधलं कळत नाय म्हटलं, ते खरंच हाय. जुन्यातलं कळत होतं."

मग हळूहळू निघालं. जुन्या मशीनवर सगळ्या शिफ्ट तेच लावायचे. कंपनीनं त्यांना ठाण्याला शिकायला पाठवलं होतं आणि तिथून आल्यावर रेघेनं सुरू होणाऱ्या सगळ्या वाटा त्यांना झोपेतही येत होत्या. नंतर एका सोमवारी ते आले तर जुनी मशीनं उचलून नेलेली. नव्यावर एक दुपार बसले, काही सापडेना. शेजारच्या केबिनमधले तरुण साहेब काचेतून बघत होते, असं त्यांना वाटलं. कदाचित बघत नसतीलही. पण ते उठले आणि स्टोअरमधून चौकटीचे कागद मागवले.

"कुणाला विचारायचं मग? पोराच्या वयाच्या माणसांना?" ते म्हणाले. "हिच्याकडं बघून वाटायचं, हिला इचारावं. पण ही तर सोताच गोंधळलेली दिसायची."

नमिताबाई बाजूला सरकल्या आणि कीबोर्ड त्यांच्याकडे ढकलला. "तुम्हीच दाबा साहेब. आधी तिरकी रेघ."

घरतांनी रेघ दाबली. ट्रान्सपोज निघालं, एडिटमध्ये 'पेस्ट स्पेशल'च्या तळाशी, छोट्याशा खुणेच्या चौकटीत. उभी नावं आडवी झाली. त्यांनी ते पूर्ववत केलं आणि पुन्हा आडवी केली. मग परत एकदा. उमामा काहीतरी बोलणार होती, नमिताबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवून तिला थांबवलं. वर्गात एखाद्याला पहिल्यांदा जमतं तेव्हा त्याला मध्ये बोलायचं नसतं, हे त्यांना माहीत होतं.

त्या दुपारी तिघांनी मिळून सप्टेंबरच्या शिफ्ट लावल्या. गणपतीचा महिना दरवर्षी अवघड जायचा. हमरापूर आणि जोह्याकडच्या कामगारांच्या घरी गणपतीचं काम, त्यांना आधीचे पंधरा दिवस रात्रपाळी नको असायची, आणि चतुर्थीला तर निम्मा प्लँट सुट्टी मागायचा. त्या पाळ्या रोहा-मुरुडकडची मुसलमान मंडळी उचलायची आणि ईदला त्या परत फेडल्या जायच्या. हे कुठल्या नियमात नव्हतं, घरतांच्या डोक्यात होतं. ते सांगत गेले, उमामा भरत गेली. नमिताबाई यादी बघत होत्या. एका नावापाशी थांबल्या. गुणाजी, हमरापूरचा. तो प्रविणच्याच कारखान्यात पाळी सुटल्यावर गणपतींचे पीतांबर रंगवायला येतो. त्यांनी ते सांगितलं, तर घरत म्हणाले, मग त्याला सकाळपाळीच द्या. संध्याकाळचा उजेड रंगाला लागतो.

काम संपल्यावर उमामानं मॅडमना घरी नेलं. अजीजानं घावन आणि कोलंबीचं कालवण केलं होतं. जेवताना ती पुन्हा पुन्हा विचारत होती की पोरीची नोकरी टिकेल ना, कारण गेले चार दिवस ती धड जेवली नव्हती आणि विचारलं तर सांगत नव्हती. नमिताबाई म्हणाल्या, टिकेल, तिच्या साहेबांना आता तिच्याकडून शिकायचंय. अजीजाला ते काही नीट कळलं नाही, पण तिनं आणखी एक घावन वाढलं. प्रविणसाठी डबा बांधून दिला आणि संध्याकाळच्या गाडीला बसवून द्यायला मायलेकी दोघी स्टेशनवर आल्या.

पुढच्या आठवड्यात घरतांचाच फोन आला. कंपनीत त्यांच्यासारखे आणखी चारपाच जण होते, स्टोअरमध्ये, डिस्पॅचला, लोटसमध्ये मुरलेले आणि नव्या मशीनपासून लांब बसणारे. त्यांनी साहेबलोकांशी बोलून ठेवलं होतं. मॅडम शनिवारी येऊन शिकवतील का? नमिताबाई म्हणाल्या, येईन, पण माझी एक अट आहे. माझी पेणची मुलं आळीपाळीनं बरोबर येतील आणि त्याच मशीनवर बसतील. ती अट मान्य व्हायला थोडे दिवस लागले, पण झाली. त्या वर्षीच्या थंडीत दर शनिवारी रोह्याच्या गाडीत पेणची दोनतीन पोरं मांडीवर वह्या ठेवून बसलेली असायची. दीड वर्षानं वर्गात नवं मशीन आलं तेव्हा त्याच्यावर एक्सेलची पुढची आवृत्ती होती आणि तक्त्यातल्या चौकटीला जोडायच्या टिपणाला तिथं 'नोट'ऐवजी 'कॉमेंट' म्हणत होते. नमिताबाईंनी ते मुलांनाच शोधायला लावलं. वर्गातला पहिला धडाही तोवर बदलला होता. त्या आता सांगायच्या की आधी वरची ओळ डावीकडून उजवीकडे नुसती वाचा, कशालाही हात लावू नका, काय काय आहे ते बघून घ्या.

उमामाचं लग्न अठ्ठ्याण्णवला झालं. नवरा हमझा, मुरुडकडचा, दम्मामला एका बांधकाम कंपनीत. निघायच्या आदल्या आठवड्यात ती पेणला येऊन राहून गेली. तिथं गेल्यावर काही महिन्यांनी तिलाही एका कंपनीच्या बायकांच्या विभागात काम मिळालं, आणि मग एके शुक्रवारी वर्गातला फोन वाजला. आवाजाच्या मागून खरखर येत होती.

"मॅडम, इथं सगळं उलटं आहे."

एक्सेलच, पण अरबी. पहिला रकाना उजवीकडे. ओळींचे आकडे उजवीकडे. मेनूची ओळ उजवीकडून सुरू होते आणि सगळे शब्द अरबीत. तिला ती अक्षरं वाचता येत होती, लहानपणी मदरशात शिकली होती, पण शब्दांचा अर्थ लागत नव्हता. विभागातल्या बाईनं पहिल्याच दिवशी शंभर नावांचा तक्ता पुढ्यात टाकला.

"मग?" नमिताबाईंनी विचारलं. त्यांनी फोनची वायर मुठीत धरली होती.

"मग काय. उजवीकडून मोजलं. पहिली फाइल, दुसरी एडिट, असं करत आठवी विंडो. उघडली, एकेक दाबून बघितलं. पेण तिथंच होतं मॅडम, फ्रीझमध्ये."

नमिताबाई हसल्या, आणि हसता हसता त्यांना जाणवलं की डोळे भरून आलेत. वर्गातली मुलं बघत होती. त्यांनी पाठ फिरवली. उमामा भरभर सांगत होती, परदेशातला फोन लांबवायचा नाही म्हणून. बाईनं तिला विचारलं होतं की तू अरबी एक्सेल कुठं शिकलीस. तिनं सांगितलं, पेणला. बाईला ते शहर कुठल्या देशात आहे तेच माहीत नव्हतं. मग लाइन कटली.

संध्याकाळी प्रविण आले तेव्हा नमिताबाईंनी चुलीपाशी उभं राहूनच सगळं सांगितलं, उजवीकडचा रकाना, मोजलेला मेनू, त्या बाईचा प्रश्न. प्रविण हातावरचा रंग रॉकेलच्या चिंधीनं पुसत ऐकत होते. सगळं झाल्यावर म्हणाले,

"तिथं तिला मासळी मिळते का बरी, ते विचारलंस?"

नमिताबाईंना ते विचारायचं राहूनच गेलं होतं.

"मग लिही तिला," ते म्हणाले. "आणि सांग, सुट्टीला आली की पहिली इथं यायचं. अजीजाभाभी रुसतील, त्यांना मी समजावतो."